केर जाळावा कीं कुजवावा ?

ठाण्यांतील खोपट भागांत हिवाळ्याच्या पहांटे केराचे लहान ढीग धुमसतांना दृष्टीस पडतात. झाडलेला पाला, भाजीचे देंठ, दुधाच्या पिशव्या सर्व एकाच आगींत जातें. जाळणारास वाटतें, केर नाहींसा झाला. वस्तुतः त्याचें विष धुराच्या वाटेनें गोठ्यापर्यंत पोंचतें. तें कसें, हें शेतकरी बंधूंस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ओला व मिश्र केर भडकून जळत नाहीं. त्यास वारा व उष्णता दोन्ही अपुरीं पडून काजळीचे अतिसूक्ष्म कण व विषारी वायु निघतात. थंडींत जमिनीलगतची हवा जड असल्यामुळें हा धूर वर न चढतां वस्तींतच रेंगाळतो. केरांत क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक असल्यास ‘डायॉक्सिन’ नांवाचीं जहाल विषें तयार होतात. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यांतील संशोधकांनीं पिंपांत घरगुती केर जाळून धूर मोजला. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें २ ते ४० कुटुंबांचा केर असा जाळल्यास, रोज २०० टन कचरा जाळणाऱ्या सुसज्ज भट्टीइतकें डायॉक्सिन हवेंत जाऊं शकतें.

हें विष गवतावर व पेंढ्यावर बसतें, जनावराच्या चरबींत सांठतें आणि दुधांत उतरतें. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, मनुष्यास होणाऱ्या डायॉक्सिनच्या बाधेपैकीं शेंकडा ९० हून अधिक अन्नावाटे, मुख्यत्वें मांस, दूध व मासे यांतून होते.

आमच्या जिल्ह्यांत भाताच्या रोपांसाठीं राब भाजण्याची चाल जुनी आहे. त्या राबांत पिशव्या किंवा खतांचीं रिकामीं पोतीं टाकणें म्हणजे आपल्याच वाफ्यावर विष पेरणें होय.

ओला व सुका केर एकत्र सांठविणेंहि घातक. तो कुजतांना आंत ज्वालाग्राही वायु उत्पन्न होतो. कल्याणच्या आधारवाडी येथील कचऱ्याच्या डोंगरास २०१८ च्या मार्चांत लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. तेथें कचरा टाकणें २०२१ सालीं बंद झालें.

राष्ट्रीय हरित लवादानें डिसेंबर २०१६ मध्यें उघड्यावर केर जाळणारास ५,००० रुपये, व मोठ्या प्रमाणावर जाळणारास २५,००० रुपये दंड ठरविला. परंतु सारावसुलीच्या दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें आम्हांस अनुभव आहे कीं, दंडाच्या भयापेक्षां पदरांत पडणारा लाभ मनुष्यास लवकर वळवितो.

तो लाभ खताचा आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील ना. दे. पांढरीपांडे यांच्या ‘नाडेप’ पद्धतींत १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असा विटांचा हौद बांधतात, व हवा खेळण्यासाठीं भिंतींस भोंकें ठेवतात. त्यांत काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर देऊन वरून लिंपून घेतलें व ओल राखली, म्हणजे तीन-चार महिन्यांत उत्तम खत मिळतें. प्लॅस्टिक, कांच व रबर मात्र आधींच वेचून काढावें.

दारांत दोन टोपल्या ठेवाव्या : एक कुजणाऱ्या केराची, दुसरी न कुजणाऱ्याची. पहिलीतील केर शेतास द्यावा, दुसरीतील भंगारवाल्यास. आगीस कांहींच देऊं नये.