न्हाणीघरातील टब : सुटे भाग, खर्च आणि खबरदारी

लॅमिंग्टन रोड हे नाव हुबळीकरांना जितके जवळचे, तितकेच मुंबईकरांनाही. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि धारवाड जिल्हा त्या वेळी याच इलाख्यात मोडत असे. मुंबईतील रस्त्याला पुढे डॉ. दादासाहेब भडकमकर यांचे नाव देण्यात आले. हुबळीत मात्र जुनेच नाव रूढ राहिले. त्या साहेबी काळाने आपल्याकडे ज्या अनेक वस्तू आणल्या, त्यांतील एक म्हणजे बाथटब. बंब आणि घंगाळ यांवर वाढलेल्या आपल्या घरांत तो उशिरा आला, आणि आला तोही बहुधा हौसेपोटी.

हौसेची वस्तू गरजेपुढे किती लवकर नमते, हे हुबळी-धारवाडने अनुभवले आहे. मलप्रभा आणि नीरसागर यांवर विसंबलेल्या या जुळ्या शहरांत कित्येक वर्षे नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येत असे. २००८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. ज्या घरांत असे पाणी नव्हते, तेथे टब म्हणजे हाताशी असलेली टाकीच ठरली. परंतु उघड्या साठ्यात एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते, हे आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना सांगावयास नको. टबात पाणी साठवावयाचेच असेल, तर आठवड्यातून एकदा तो रिकामा करून, घासून कोरडा करणे अगत्याचे आहे. त्यासाठी तळाचे बूच घट्ट बसणारे आणि निचरा सुरळीत असला पाहिजे. सुट्या भागांचा विचार म्हणूनच आरोग्याशी थेट जोडलेला आहे.

कोणता भाग, कशासाठी?

टबाचे बिघडणारे भाग मोजकेच आहेत : तळाचे निचरा-तोंड व त्याचे बूच, वरच्या कडेजवळचे ओव्हरफ्लोचे छिद्र व त्याची नळी, खालचा ट्रॅप, मिक्सर, हँडशॉवर व त्याची लवचीक नळी, आणि कडेचे सिलिकॉन. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभे राहिले पाहिजे. तोच गटारातील वायू व झुरळे यांना अडविणारा पडदा होय. टब महिनोन् महिने वापरात नसेल, तर हे पाणी वाळते आणि दुर्गंधी येऊ लागते. अशा वेळी नवा भाग आणण्यापूर्वी तांब्याभर पाणी ओतून पाहावे.

नळ ठिबकत असल्यास संपूर्ण मिक्सर बदलण्याची घाई नको. जुन्या पद्धतीच्या नळात वॉशर अथवा स्पिंडल, तर नव्यात कार्ट्रिज बदलल्याने बहुधा काम भागते. गळतीचे मोजमापही सोपे आहे. नळाखाली तासभर भांडे ठेवावे. त्यात १०० मिलिलिटर पाणी जमले, तर दिवसाला २.४ लिटर आणि वर्षाला सुमारे ८७५ लिटर पाणी वाया जाते. बोअरवेलचे पाणी जड असल्यास क्षार साचून हे भाग लवकर निकामी होतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुकानात जाताना जुना भाग काढून सोबत न्यावा. टबाचा निचरा सामान्यतः दीड इंची, म्हणजे ४० मिलिमीटरचा असतो, पण परदेशी बनावटीच्या टबाचे आटे येथील फिटिंगशी जुळतीलच असे नाही. भिंतीवरील मिक्सरच्या दोन तोंडांमधील अंतर मोजून घ्यावे; ते बहुधा १५० मिलिमीटर असते.

अंदाजपत्रक

सुट्या भागांची किंमत हा खर्चाचा एकच हिस्सा असतो. दुसरा मजुरीचा, तिसरा फोडतोडीचा. टबाच्या बाजूस तपासणीचे दार ठेवलेले नसेल, तर ट्रॅपपर्यंत पोहोचण्यासाठी फरशी फोडावी लागते आणि तसल्याच रंगाची फरशी पुन्हा मिळत नाही. समजा, भाग ४,००० रुपये, मजुरी ३,००० रुपये आणि फरशीकाम १,००० रुपये धरले, तर या ८,००० रुपयांवर १५ टक्के, म्हणजे १,२०० रुपये, अकल्पित खर्चासाठी राखून ९,२०० रुपयांची तयारी ठेवावी. एकूण खर्च नव्या टबाच्या बसवण्यासह येणाऱ्या खर्चाच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर दुरुस्तीचा आग्रह सोडणे बरे.

सर्वांत आधी सुरक्षितता

पैसे मर्यादित असतील, तर क्रम असा असावा : प्रथम सुरक्षितता, मग गळती, शेवटी शोभा. टबाची कड ओलांडताना वृद्धांचा तोल जातो आणि हात सहजच टॉवेलच्या दांडीकडे जातो. ती दांडी माणसाचे वजन पेलण्यासाठी नसते. पक्क्या भिंतीत खोल बसविलेला, किमान ११० किलो भार सोसणारा आधारदंड आणि टबात न घसरणारी चटई, ही चकचकीत मिक्सरहून मोलाची खरेदी होय. पाणी ६० अंश सेल्सिअस असेल, तर पाच सेकंदांतच त्वचा खोलवर भाजू शकते. ४९ अंशाला त्याच इजेस काही मिनिटे लागतात. लीजिओनेला जंतूंमुळे साठवणीच्या गीझरातील पाणी कोमट ठेवणेही योग्य नाही. यास्तव तापमान नियंत्रित करणारा मिक्सर घेणे, विशेषतः मधुमेही व्यक्ती असलेल्या घरी, शहाणपणाचे आहे.

घरात सत्तरीपुढची व्यक्ती असेल, तर आणखी एक पर्याय मोकळ्या मनाने विचारात घ्यावा : टब काढून तेथे सपाट मोरी आणि बसण्यास चौरंग. टब भरून स्नान करावयाचे तर शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. बादलीत ते वीस लिटरांत होते. मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या परावलंबनाचा हिशेब आपण रुग्णांच्या नातेवाइकांना नेहमी समजावून सांगतो. तोच हिशेब एकदा आपल्या न्हाणीघराच्या दारात उभे राहून मांडावा, म्हणजे कोणता भाग आधी बदलायचा याचे उत्तर सापडेल.