सतरंज्या उचलणारी माणसं

१ ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, आम्हाला चार वाजता बोलावलं होतं. पाहुणे आले सव्वासातला. तोवर आम्ही पांढऱ्या कव्हरांच्या, पाठीला रिबिनी बांधलेल्या खुर्च्यांवर रुसलेल्या वरपक्षासारखे बसून होतो. जरा पाय मोकळे करायला उठावं, तर एक स्वयंसेवक मुलगी खांद्यावर हात ठेवून ‘आजी, तुम्ही बसा ना’ म्हणत होती. पाहुण्यांनी आम्हाला ‘अनुभवाचं विद्यापीठ’ म्हटलं, स्वतःचा फोटो छापलेली एकेक छत्री वाटली आणि ते पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. विद्यापीठातल्या एकालाही चकार शब्द काढू दिला नाही.

पत्रिकेवर हा कार्यक्रम आमच्या संघाचा होता. डोंबिवलीत बरेच ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यातलाच आमचा एक. घरी येऊन मी छत्री माळ्यावर टाकली आणि जमाखर्चाच्या जुन्या वह्या काढून बसले.

संघाचा आरंभकाळ मी पाहिलेला नाही. स्मरणिकेत तो आहे, पण त्यात उद्घाटनं आणि सत्कार यांपलीकडे काही सापडत नाही. १९९९ हे संयुक्त राष्ट्रांचं ज्येष्ठ वर्ष, त्याच जानेवारीत केंद्राचं ज्येष्ठांविषयीचं राष्ट्रीय धोरण, मग हार आणि नारळ. ते सगळं सोडून देते.

२००० संपता संपता सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली. पंधरा वर्षं नोकरी किंवा वयाची चाळीस वर्षं, एवढीच अट. देशभरातून लाखभर माणसं बाहेर पडली, त्यांत मीही. एक पावसाळा झोपून काढला आणि मग घर खायला उठलं. संघात यायला साठीची अट होती, मी पन्नाशीतली. पण खजिनदारांना मोतीबिंदूमुळे आकडे दिसेनासे झाले होते आणि मला ताळेबंद येतो, हे कुणीतरी सांगितलं. ‘सहयोगी सभासद’ असं एक पद तातडीने शोधून मला आत घेण्यात आलं. माझा स्वभाव बघून नव्हे, गरज होती म्हणून. पुढची दहा वर्षं त्या एका कारणाने चांगली गेली.

त्या दशकाचं निम्मं श्रेय मी वीज मंडळाला देते. जून २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं. नाव बदललं, अंधार तोच राहिला. मुंबई शहरात दिवे झगझगत असताना आमच्याकडे भारनियमन. संध्याकाळी पंखा बंद, मालिका बंद, सासू-सून दोघी घामाघूम. माणसं आपसूक जिना उतरायची आणि कट्टा भरायचा. वीज जायच्या वेळा पेपरात छापून येत, त्यामुळे कट्ट्याची वेळ कुणी कुणाला कळवावी लागत नसे.

नोव्हेंबरात आमची खरी धांदल असे. पेन्शनरांचे हयातीचे दाखले. जे चालते-फिरते होते ते बँकेत रांग लावत आणि त्या रांगेत कुणाचं काय दुखतं, कुणाचा मुलगा कुठे असतो, हे वर्षभराचं सगळं उरकून घेत. जे अंथरुणाला खिळलेले होते त्यांच्या घरी आम्ही बँकेच्या अधिकाऱ्याला घेऊन जायचो. चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले एक कंपोझिटर तिसऱ्या मजल्यावर राहत, इमारतीला लिफ्ट नव्हती. अर्धांगाने डावा हात आखडलेला आणि अंगठा तर डाव्याच हाताचा हवा. त्यांच्या बायकोने खोबरेल तेलाने बोटं चोळून मूठ सोडवली, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, आणि कागदावर ठशाऐवजी तेलाचा डाग उमटला. नवा फॉर्म काढला. त्यांनी तो डोळ्यांशी धरून नीट वाचला आणि तोंड वाकडं करत, अडखळत म्हणाले, “‘हयातीचा’मधली वेलांटी ऱ्हस्व पडलीय. कुणी तपासलं हे प्रूफ?” अधिकारी हसला, चहा आला, आम्ही तिथे दोन तास बसलो. वर्षभरात त्या घरात आलेली बाहेरची माणसं बहुधा आम्हीच होतो.

२०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, आला. आधी बोटांचे ठसे घेत. म्हातारपणी ते झिजलेले असतात आणि यंत्राला पटत नाहीत. आता तर फोनसमोर चेहरा धरला तरी चालतं. सोय आहे, नाकारत नाही, माझाही दाखला मी तसाच देते. पण तिसरा मजला चढायला निमित्त लागतं. ‘सहज आलो’ म्हणून दोन तास कुणाच्या घरी बसायची आपली रीत शहरात कधीच संपली आहे. फॉर्म हातात असला की बसता येतं.

सहलींचंही तेच. रेल्वेच्या आरक्षणाच्या एका अर्जावर सहाच नावं मावतात. चाळीसेक माणसं कन्याकुमारीला न्यायची म्हणजे सहा-सहाचे गट पाडायचे आणि त्यावरून जे काही व्हायचं! घोरणारे कुणाच्या गटात? खालचा बर्थ खरोखर कुणाला लागतो आणि कुणाला नुसता हवा असतो? दोन विहीणबाई एका डब्यात चालतील का? एका सहलीच्या वाटपावरून मी आणि सहचिटणीस अख्खा श्रावण बोललो नव्हतो. आज संघाची सहल प्रवासी कंपनी काढते. पैसे भरले की गळ्यात पट्टा अडकवतात, पाण्याची बाटली देतात, भांडण होत नाही. परतल्यावर शेजारी कोण बसलं होतं ते नाव आठवत नाही.

ऑक्टोबर २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला आणि आमच्यातल्या निवृत्त हेडक्लार्क मंडळींना दुसरं तारुण्य फुटलं. हयातभर ज्यांनी फायली दाबल्या तेच आता दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून दुसऱ्यांच्या फायली मागू लागले. तीस दिवस कॅलेंडरवर मोजायचे आणि एकतिसाव्या दिवशी अपिलाचा मसुदा तयार. रस्त्यावरचे दिवे, पदपथ, गटाराची झाकणं, काही सोडलं नाही. त्यातले एक मधुमेहाने निम्मे झाले होते, पण अपील चालू असेपर्यंत तब्येत टिकवून होते.

सगळं काही छान चाललं होतं, असं मात्र समजू नका. आमचे तेव्हाचे अध्यक्ष वर्ग एकचे अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी बैठकीत ‘नोट पुट अप करा’ म्हणत. महिला विभाग म्हणजे त्यांच्या लेखी तिळगूळ, हळदीकुंकू आणि सहलीच्या आदल्या रात्री तिखटमिठाच्या पुऱ्या. तिजोरीची किल्ली माझ्या कमरेला, पण व्यासपीठावर मला खुर्ची नाही. एका संक्रांतीला विधवा सभासदांना हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. मी भांडले नाही. तिळगुळाचं बिल आलं तेव्हा वहीत लिहिलं, ‘सर्व सभासदांसाठी खर्च नसल्याने नामंजूर’, आणि खाली सही केली. साहेबांनी आवाज चढवून पाहिला, शेवटी पैसे स्वतःच्या खिशातून भरले. पुढल्या संक्रांतीला सगळ्यांना वाण मिळालं. ती नोंद अजून वहीत आहे, परवा पुन्हा वाचली.

भांडणं मिटवायला आमच्याकडे सतरंजी होती. सभागृह पालिकेचं, रिकामं. लांबलचक सतरंज्या आम्हीच अंथरायच्या, आम्हीच गोळा करायच्या. लांब सतरंजी एकट्याने घडी होत नाही. दोन टोकांना दोघांनी उभं राहायचं, झटकायची आणि मग टोकं जुळवत एकमेकांकडे चालत यायचं. मघाशी ज्याला ‘तुम्हाला काही कळत नाही’ म्हटलं, नेमका तोच समोरच्या टोकाला असायचा. दमेकरी धुळीला भिऊन बाहेर जात आणि दारात उभं राहून घडी चुकतेय म्हणून ओरडत.

नंतरची वर्षं पटापट सांगते, मला त्यांचा कंटाळा आहे. सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार कार्ड दिलं गेलं आणि काही वर्षांत तहसीलच्या ज्येष्ठ नागरिक ओळखपत्रांसाठी आमच्याकडे येणारी माणसं थांबली. २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला आणि सगळे सूर्योदय फोनमध्ये आले. सतरंज्या जाऊन खुर्च्या आल्या, कारण गुडघे. मग गुडघ्यांमागोमाग गुडघ्यांवरची व्याख्यानं आली: आधी फुकट साखर तपासणी, मग डॉक्टरांची स्लाइड, मग शस्त्रक्रियेचं पॅकेज. हे दुकान आमच्या सभागृहात ज्या पदाधिकाऱ्यांनी मांडू दिलं त्यांना मी तेव्हाही विचारलं होतं आणि आताही विचारते, संघाला त्यातून भाडं किती मिळालं? पावती मला कुठे दिसली नाही.

मिळालं काहीच नाही असं नाही. राज्याच्या सवलतींसाठी ज्येष्ठ कोण, याचं वय पासष्टवरून साठ करा, ही फेस्कॉमची, म्हणजे आमच्या महासंघाची, जुनी मागणी. २०१८ मध्ये ती मान्य झाली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. मी आता ‘अमृत ज्येष्ठ’ आहे. आणि रेल्वेची सवलत, पुरुषांना चाळीस टक्के, बायकांना पन्नास, २० मार्च २०२० ला करोनाच्या नावाने जी थांबली ती थांबलीच. पासष्टीपुढच्यांनी घरात राहावं, असं तेव्हा सांगितलं गेलं. राहिलो. संघातले किती त्या दोन वर्षांत गेले ते इथे लिहीत नाही. जे उरले त्यांतल्या बऱ्याच जणांना घरात राहायची सवय लागली.

आता समुपदेशक येऊन सांगतात, ज्येष्ठांनी लोकांत मिसळावं, एकटेपणा शरीराला घातक असतो. असेलही. पण माझ्या पाहण्यात मिसळण्यासाठी मिसळून कुणाचं कुणाशी जुळलेलं नाही. आमची मैत्री अर्ज भरताना, बर्थ वाटताना, बिलं नामंजूर करताना झाली. तेव्हा आमच्यावाचून कुणाचं तरी अडत होतं. आता आमची सगळी सोय होते आणि आमच्याकडून कुणाला काही नको असतं. टाळ्या तेवढ्या हव्या असतात.

येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी लेखी ठराव दिला आहे. संघाच्या कार्यक्रमात पाहुण्यांची वाट वीस मिनिटांपेक्षा जास्त पाहिली जाणार नाही. औषधं आणि शस्त्रक्रिया विकणाऱ्यांना सभागृह नाही. एक तरी सहल सभासदांनी स्वतः आखायची, बर्थवाटपासकट. आणि दर नोव्हेंबरात अंथरुणावरच्या सभासदांकडे जोडीने जायचं, दाखला फोनवर दिलेला असला तरी. नियमाप्रमाणे ठरावाला अनुमोदकाची सही लागते. मजकूर ग्रुपवर टाकला, तर धडाधड अंगठे आले, दोन गुलाब आणि एक ‘सुंदर विचार’सुद्धा. सही करायला अजून कोणी जिना चढून आलेलं नाही. मुदत शनिवारपर्यंत आहे, मी पहिल्या मजल्यावरच राहते.