वृद्धांचे पडणे आणि यंत्रांचा पहारा

शुश्रूषागृहात एखादे वृद्ध गृहस्थ पडले, की नोंदवहीत 'पाय घसरून पडले' एवढी ओळ लिहून प्रकरण दप्तरदाखल होते. कारण पडण्याचा क्षण पाहणारे क्वचितच कोणी जवळ असते, आणि स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या माणसाला आपल्यावर काय गुदरले हे सांगता येत नाही. घसरणे हेच पडण्याचे मुख्य कारण, हा समज असाच रूढ झाला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दोन शुश्रूषागृहांत संशोधकांनी २००७ ते २०१० या काळात भोजनगृह, दिवाणखाना आणि वऱ्हांडे अशा सामायिक जागांतील कॅमेऱ्यांच्या साहाय्याने १३० जणांचे २२७ वेळा पडणे प्रत्यक्ष पाहिले; 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार घसरून पडण्याचे प्रमाण अवघे ३ टक्के, अडखळून पडण्याचे २१ टक्के, आणि शरीराचा भार इकडून तिकडे नेताना तोल जाऊन पडण्याचे तब्बल ४१ टक्के निघाले. चालताना पडणारे सर्वांत अधिक होते खरे. परंतु नुसते उभे असताना १३ टक्के आणि खुर्चीत बसू जाताना १२ टक्के पडले, ही गोष्ट मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. खुर्चीचा हात धरून वळू पाहणारी वृद्धा कमरेपासून वर वळते, पाऊल मात्र जागचे हलत नाही, आणि त्या अर्ध्या वळणातच तिचा तोल सुटतो. तिथे फरशी कोरडी असून काय उपयोग? यंत्राने मनुष्याची सेवा केली ती या ठिकाणी: पहारेकरी म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून.

पहारेकऱ्याच्या भूमिकेत मात्र यंत्राविषयी आपल्या अपेक्षा वाजवीपेक्षा फार वाढल्या आहेत. गादीखाली किंवा खुर्चीच्या बैठकीवर दाब ओळखणारी पट्टी अंथरली, की रुग्ण उठताच गजर होतो आणि पडणे टळते, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या १६ कक्षांत, २७,६७२ रुग्णांच्या बाबतीत, अशा गजरांचा वापर मुद्दाम वाढवून पाहण्यात आला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात गजरांचा वापर वाढला, परंतु पडण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे १,८३९ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्षही २०१४ मध्ये तोच निघाला. हे प्रयोग रुग्णालयांतले होते, शुश्रूषागृहांतले नव्हेत, हे ध्यानात ठेवूनही या निष्कर्षामागचे कारण समजण्यास कठीण नाही. पट्टीवरचा भार उठतो तेव्हा माणूस उभा राहिलेलाच असतो. परिचारिका मात्र वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला, बहुधा दुसऱ्याच कोणाचे तरी कपडे बदलण्यात गुंतलेली असते, आणि ती पोहोचेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. शिवाय कूस बदलली तरी वाजणारा गजर रात्रभर ऐकून कानांना त्याची सवय होते. ज्या वृद्धासाठी तो लावला, तो 'हललो की आवाज होईल' या धास्तीने हालचालच सोडतो आणि त्याच्या पायांतली उरलीसुरली ताकदही जाते. अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्यविमा खात्याने २०१७ पासून शुश्रूषागृहांतील अशा गजरांची गणना संभाव्य बंधनांत केली आहे, ती याच विचाराने.

पलंगाचे कठडे वर केले की निर्धास्त होता येते, हाही तसाच एक भ्रम. गोंधळलेला रुग्ण कठडा ओलांडू जातो आणि अधिक उंचीवरून कोसळतो, किंवा कठड्याच्या फटीत अडकतो. १९८५ ते २०१३ या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे रुग्ण पलंगात अडकल्याच्या ९०१ घटनांची नोंद झाली, त्यांत ५३१ जण मृत्यू पावले.

गळ्यात किंवा मनगटावर बांधायची, पडणे ओळखणारी उपकरणे निरुपयोगी आहेत असे मात्र कोणी म्हणू नये. ती पडणे टाळत नाहीत, पडल्याची वर्दी देतात; आणि तासन्‌तास फरशीवर पडून राहिल्याने होणारे निर्जलीकरण, दाबव्रण आणि स्नायूंचा ऱ्हास पाहता ती वर्दी लवकर मिळणे मोलाचेच आहे. वर्दी आणि प्रतिबंध यांची गल्लत मात्र होता कामा नये.

मग प्रतिबंध होतो कशाने? बॉस्टन व न्यूयॉर्क येथील रुग्णालयांत 'फॉल टिप्स' नावाची एक साधी पद्धत राबवण्यात आली. परिचारिका रुग्णाजवळ व त्याच्या नातेवाइकांजवळ बसून त्याच्या पडण्याची कारणे शोधते, आणि कोणते आधारसाधन वापरायचे, शौचास जाताना किती माणसांचा हात लागतो, या गोष्टी चित्रांसह एका तक्त्यावर नोंदवून तो खाटेपाशी लावला जातो. ३७,२३१ रुग्णांच्या या अभ्यासात पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि पडून इजा होण्याचे ३४ टक्क्यांनी उतरल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. इथे तक्त्याने माहिती समोर मांडली. निर्णय आणि आधार माणसांनी दिला.

तेव्हा आपल्या आईवडिलांसाठी शुश्रूषागृह किंवा वृद्धाश्रम पाहावयास जाल, त्या वेळी व्यवस्थापक भिंतीवरची उपकरणे कौतुकाने दाखवू लागले, तर ती अवश्य पाहा. परंतु त्यांना हेही विचारा, की रात्री दोन वाजता किती परिचारिका व मावश्या जाग्या असतात, गजर झाल्यास कोण धावते, आणि वृद्धाने लघवीसाठी स्वतः उठण्याआधीच त्याला नेऊन आणण्याची तजवीज केली आहे काय.