यमुना : एक पुसलेले नाव

नदीचे नाव मुलीला ठेवण्याची आपली चाल जुनीच. गंगा, गोदावरी यांच्या जोडीला यमुनाही घरोघर असे. लाडाने तिची यमू होई. भाऊबीजेला यमधर्म जिच्या घरी जेवतो, ती बहीण हीच. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' या कादंबरीतून विधवांची दुःखे मांडली, तीही याच नावाच्या नायिकेकरवी.

तरीही थोर स्त्रियांच्या नामावळीत यमुना सापडत नाही. १८६२ साली जन्मलेली यमुना कुर्लेकर १८७३ साली रमाबाई रानडे झाली. १८६५ साली जन्मलेल्या यमुना जोशी हिचे सासरचे आडनावही जोशीच. बदलले ते केवळ तिचे स्वतःचे नाव. १८८६ मध्ये अमेरिकेत एम.डी. झाल्या त्या आनंदीबाई. यमू माहेरीच राहिली. तबकातील तांदळांवर नवे नाव लिहिण्याच्या विधीत कौतुक असेलही, परंतु वराचे नाव कोणी बदलल्याचे ऐकिवात नाही!

'यमी' म्हणून चिडवतील, या धास्तीने पुढे आईबापांनीच हे गोड नाव टाळले. आज शाळेच्या दाखल्यावर चढलेले नाव बहुधा पदवीपत्रापर्यंत आणि पुढे वेतनपत्रकावरही टिकते. आता ठेवलेली यमुना यमुनाच राहण्याचा संभव पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक आहे.