हिमवादळांतील सूर



कर्कशपणा आणि माधुर्य हे एकमेकांचे वैरी आहेत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अखंड गडगडाट, घोगऱ्या किंकाळ्या आणि मृत्यूचें गुणगान यांतून मनाला चटका लावणारी सुरावट निर्माण होईल असें कोणी सांगितलें, तर आपण तें थट्टेवारी नेऊं. परंतु स्वीडनमध्यें १९९५ सालीं निघालेल्या एका ध्वनिमुद्रिकेनें नेमकें हेंच करून दाखविलें. ‘डिसेक्शन’ नांवाच्या वाद्यवृंदाची ही ध्वनिमुद्रिका. तिचें नांव ‘स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन’, म्हणजे प्रकाशाचा घात करणाऱ्याचें वादळ.

या संगीतप्रकाराला ‘ब्लॅक मेटल’ म्हणतात. इंग्लंडांतील ‘व्हेनम’ या वृंदानें १९८२ सालीं काढलेल्या ध्वनिमुद्रिकेचें हें नांव. पुढें तेंच साऱ्या प्रकाराला चिकटलें. स्टॉकहोमच्या ‘बाथरी’ या वृंदानें १९८४ पासून त्याला उत्तरेचा गारठा दिला आणि १९९० नंतर नॉर्वेंतील तरुणांनीं त्याला बंडाचें निशाण केलें. विजेच्या गिटारीचा खरखरीत नाद, अतिद्रुत ढोल, किंकाळीवजा गायन आणि ख्रिस्ती धर्माविरुद्ध उघड विद्रोह, हीं त्याचीं ठळक लक्षणें. त्यांत चाल अगदींच नसते असें नाहीं. पण ती बहुधा नादाच्या धुरांत बुडालेली असते. ‘डिसेक्शन’नें ती वर आणली.

हा वृंद १९८९ सालीं स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, नॉर्वेच्या सरहद्दीजवळच्या स्ट्रोमस्टाड या लहानशा गांवीं स्थापन झाला. त्याचा प्रमुख गायक, वादक आणि रचनाकार यॉन नोडट्वेट. ‘स्टॉर्म’ ही वृंदाची दुसरी ध्वनिमुद्रिका. डॅन स्वानो यांच्या ‘युनिसाउंड’ स्टुडिओंत तिचें मुद्रण झालें. तिच्यांत आठ रचना असून सर्व मिळून सुमारें ४३ मिनिटें लागतात.

आतां या सुरावटीचें मर्म पाहूं. तारेवर आघात केला कीं स्वर उमटतो आणि लगेच विरूं लागतो. आपल्या संतूरवादकालाही हीच अडचण असते. एकच स्वर लांबवावयाचा तर तो त्या तारांवर भराभर आघात करीत राहतो. हे गिटारवादक तेंच करतात. तार खालवर इतक्या वेगानें छेडली जाते, कीं सुटे आघात ऐकूं न येतां स्वराची एक सलग रेघ तयार होते. आघात अतिद्रुत, पण चाल मात्र संथ. दुरून हिमवर्षाव पाहावा तसें हें आहे: एकेक कण वेगानें धांवत असतो, पण सारा पडदा हळूहळू सरकतांना दिसतो.

त्यावर दुसरी गिटार पहिलीच्या चालीला थोड्या अंतरानें समांतर अशी दुसरी चाल जोडते. स्वरही उदास. पाश्चात्य ज्याला ‘मायनर’ सप्तक म्हणतात, त्याच्या मूळ रूपांत आपल्या आसावरी थाटाप्रमाणें गांधार, धैवत आणि निषाद कोमल असतात. गायकाच्या घोगऱ्या आवाजाला चाल नसते. तो वाऱ्यासारखा वाहत राहतो आणि गाण्याचें काम गिटारी करतात. ‘व्हेअर डेड एंजल्स लाय’ या संथ रचनेंत ही वांटणी फार स्पष्ट ऐकूं येते. नवख्या श्रोत्यानें तेथूनच आरंभ करावा. शेवटची रचना तर केवळ पियानोची आहे. वादळ ओसरल्यावरची शांतताच जणूं ती.

येथेंच थांबतां आलें असतें तर बरें होतें. परंतु १९९७ च्या जुलै महिन्यांत गोथेनबर्गच्या एका उद्यानांत अल्जेरियाहून आलेल्या एका समलिंगी गृहस्थाचा खून झाला आणि त्यांत भाग घेतल्याबद्दल नोडट्वेट याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. मनुष्यद्वेषालाच तत्त्वज्ञान मानणाऱ्या एका सैतानपूजक पंथांत तो सामील झालेला होता. २००४ सालीं तो सुटला. २००६ सालीं त्यानें आपलें जीवन संपविलें.

मग हें संगीत ऐकावें कीं नाहीं? कांहीं जण म्हणतात, कलावंत वेगळा आणि कला वेगळी. हें उत्तर सोयीचें आहे, पण पुरेसें नाहीं. या रचनांत मृत्यूचें जें वर्णन आहे, तें श्रोत्याच्या दृष्टीनें रूपक असतें; पुष्कळांना तर त्यांत स्वतःच्या दुःखाला वाट मिळते. रचनाकारानें मात्र माणसाविषयींचा तिरस्कार हा आचारधर्म मानला. उलट पक्षीं, या गुन्ह्यामुळें त्या सुरांचें सौंदर्य खोटें ठरत नाहीं. कारण तें तारा, लय आणि स्वरांतरें यांनीं घडविलेलें आहे, आणि तें कानाला स्वतंत्रपणें पडताळून पाहतां येतें.

सौंदर्य हें सज्जनपणाचें प्रमाणपत्र नव्हे, एवढाच याचा अर्थ. ज्याला ऐकावयाचें असेल त्यानें खुशाल ऐकावें, बारकाईनें ऐकावें आणि जें सुंदर आहे त्याला सुंदर म्हणावें. मात्र रचनाकाराभोवतीं दंतकथेचें वलय उभें करूं नये; आणि त्याची कहाणी सांगतांना, त्या रात्रीं उद्यानांतून घरीं न परतलेल्या माणसाला वगळूं नये.