ध्रुवाची सफर आणि तापीचा चिखल

सुरतेत पैलू पडणाऱ्या कच्च्या हिऱ्यांपैकी बराच माल वर्षानुवर्षं सैबेरियातल्या याकुतियातून येत आला. त्याच याकुतियाच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक समुद्रालगतच्या टुंड्रात, कर्ल्यू सँडपायपर हा पाणपक्षी अंडी घालतो आणि थंडी काढायला ज्या किनाऱ्यांवर उतरतो त्यांत गुजरातचा किनाराही आहे. हिऱ्याने ज्या शहरात पैसा आणला, तिथल्या माणसाला पेंग्विन आणि हिमनग पाहायची ओढ वाटणं साहजिक आहे. त्यात गैर काही नाही. पण ध्रुवीय सफरी विकताना एक दावा हटकून केला जातो: जो हे डोळ्यांनी पाहतो, तो पुढे जन्मभर ते जपतो. हा दावा खरा आहे का, हे तपासायचं ठिकाण तापीच्या मुखाशी आहे.

सफरींवर सरसकट टीका करणं अन्यायाचं होईल. लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ मध्ये या प्रकारच्या सफरीची घडी बसवली: छोटी जहाजं, सोबत शास्त्रज्ञ, रोज व्याख्यानं. १९९१ मध्ये अंटार्क्टिकाला नेणाऱ्या सफर कंपन्यांनी संघटना काढून स्वतःवर बंधनं घालून घेतली. पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कोणी किनाऱ्यावर उतरत नाही, एका वेळी एका ठिकाणी शंभराहून जास्त माणसं नसतात, पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचं. रबरी बोटीत पाऊल टाकण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवावे लागतात, बॅगेच्या शिवणीत अडकलेलं गवताचं बीसुद्धा काढून घेतात. नॉर्वेने २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागात एका जहाजावर दोनशेच प्रवासी आणि पांढऱ्या अस्वलापासून किमान तीनशे मीटर अंतर, असे नियम केले. आपल्याकडच्या किती अभयारण्यांत इतकी शिस्त दिसते? तरीही नव्वदीच्या सुरुवातीला अंटार्क्टिकाला वर्षाला काही हजार माणसं जात, ती २०२२-२३ च्या हंगामात लाखावर गेली. जहाजांच्या काजळीमुळे बर्फ काळवंडतं आणि लवकर वितळतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ असं वितळत असल्याचा अंदाज मांडला.

एवढी किंमत मोजून माणूस बदलत असेल, तर हिशेब कदाचित जुळेल. पण २०१० मध्ये आयगेलार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकाच्या क्रूझ-प्रवाशांचा विचार करून लिहिलं की सफरीमुळे पर्यावरणाची जाण वाढते याला पुरावा सापडत नाही. मला याचं एक कारण दिसतं. सफरीत ध्रुव हा दूरचा, वेगळा, आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध नसलेला प्रदेश म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात आर्क्टिकमधल्या अनेक पक्ष्यांचं अर्ध्याहून जास्त वर्ष दक्षिणेच्या चिखलात जातं, आणि त्यांचं भवितव्य तिथेही ठरतं. पिवळ्या समुद्राकाठच्या खाजणांत भराव पडले, तेव्हा जे पक्षी तिथल्या थांब्यावर जास्त अवलंबून होते तेच जास्त वेगाने घटले, हे २०१७ च्या अभ्यासात दिसलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लोव्हर हे दोन्ही ‘असुरक्षित’ प्रजातींच्या यादीत गेले.

ओहोटीला तापीच्या मुखाशी, डुमस-हजिराकडच्या चिखलात, टुंड्रातूनच आलेला छोटा टिलवा दिसतो. वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम, पाय काळे, चोच काळी, टुंड्रातला तांबूस रंग उतरून पाठ करडी झालेली. तुरुतुरु धावतो, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खालीवर करतो, आणि भरतीची रेघ सरकली की थवा एकदम उठतो. त्याचे भाऊबंद थेट खानदेशात हतनूरच्या पाणथळीपर्यंत जातात, म्हणजे सुरतेच्या उधना-लिंबायतमधल्या कितीतरी मराठी घरांच्या मूळ गावाजवळ. या चिखलावर ताण कमी नाही. १९७२ पासून तापीचा बराच गाळ उकाईच्या धरणात अडतो. एका बाजूला हजिराचे कारखाने आणि जेट्ट्या, दुसऱ्या बाजूला तापी आणि मिंढोळा यांच्यामधल्या सखल पट्ट्यात खजोदपर्यंत आलेलं शहर.

कोणी म्हणेल, हिमनगासमोर उभं राहण्याची बरोबरी मूठभर करड्या पाखरांशी कशी होईल? होणार नाही, आणि मी ती करत नाही. भव्यता तिथेच आहे. प्रश्न जपण्याचा आहे, आणि अंटार्क्टिकात सुरतकर प्रवासी नियम पाळण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही. इथे मात्र तो मतदार, उद्योजक, जमिनीचा मालक, महापालिकेच्या विकास आराखड्यावर हरकत घेऊ शकणारा नागरिक आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: शहराला घरं आणि रोजगार हवेत, पाखरांपायी ते थांबवायचं का? तसं कोणी मागत नाही. पण भरतीच्या पट्ट्यातला चिखल आणि तिवरं हे शहराचं पूर-कवच आहे, आणि ऑगस्ट २००६ च्या पुरानंतर सुरतेला हे पटवून द्यावं लागू नये. ‘आमच्या पैशाने आम्ही फिरतो’ या तिसऱ्या म्हणण्याला माझी हरकत नाही. फक्त मग जपण्याचा दावा मिरवू नये.

योगायोग असा की अंटार्क्टिकाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, आणि उत्तर ध्रुवाकडचे पाहुणे आपल्याकडे असतात तेही हेच महिने. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे आणि सारी स्वयंसेवकांच्या जिवावर. चिखलातल्या करड्या पक्ष्यांत टिलवा कोणता आणि कर्ल्यू सँडपायपर कोणता, हे ओळखायला चांगली दुर्बीण आणि लांब पल्ल्याची लेन्स लागते. ध्रुवीय सफर करून आलेल्या घरांत या दोन्ही वस्तू असतात. गणनेसाठी त्या वापरायला हव्यात, आणि जमलेले आकडे हरकतीच्या अर्जाला जोडायला हवेत.