मोटार पाणी सोडते? फुटबॉल बदलण्याआधी सक्शनचा फ्लँज बघा

जुन्नर/आंबेगाव : कुकडी, मीना आणि घोड नदीकाठच्या गावांत उन्हाळ्यात ही तक्रार हमखास ऐकू येते. मोटार चालू, आवाजही बरोबर, पण पाणी थोडा वेळ येतं आणि तुटतं. रात्रीची लाईट असली की पुन्हा पाणी भरायला नदीवर उतरावं लागतं. उसातल्या बिबट्यामुळे ती खेप कोणालाच नको असते. अशा वेळी बरेच जण आधी फुटबॉल बदलतात. दोष पुष्कळदा फ्लँजमध्ये असतो.

फ्लँज म्हणजे पाईपच्या टोकाची भोकं पाडलेली जाड चकती. दोन चकत्या समोरासमोर, मध्ये रबरी पॅकिंग, वरून नट-बोल्ट. पाणी अडवतं ते पॅकिंग; बोल्ट फक्त ते दाबून धरतात. चिकटवलेला जोड कापावा लागतो, हा पान्याने खोलता येतो. नदीचं पाणी चढलं-उतरलं की मोटार वर-खाली न्यावी लागते, म्हणून आपल्याकडे तो सोयीचा.

डिलिव्हरीकडचा जोड गळला तर फवारा दिसतो. सक्शनचं उलटं आहे. मोटार चालू असताना तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे पाणी बाहेर न येता हवा आत शिरते. जमीन कोरडीच राहते, मग संशय येणार कसा? मोटार बंद ठेवून पंप गच्च भरा आणि कुठल्या जोडातून थेंब येतो ते पाहा. चालू मोटारीवर जोडाला साबणाचा फेस लावला, तर तो जिथे आत ओढला जाईल तिथेच हवा घेतेय.

डिलिव्हरीवरचा जोर मात्र हलक्यात घेऊ नये. पाणी 10 मीटर चढवायला दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो दाब लागतो. 60 मीटर चढवायचं तर 6 किलो. म्हणजे चार इंची पाईपच्या फ्लँजवर सुमारे पावणेपाचशे किलोचा जोर. चारपैकी एक बोल्ट 'राहू दे' म्हटलं की पॅकिंग तिथूनच फुटतं.

बोल्ट ओळीने आवळू नका. समोरासमोरचे थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत कसा. एकच बाजू आधी कसली तर पॅकिंग तिरकं दबतं, बिडाचा फ्लँज तडकतोसुद्धा. नवीन घेताना जुना दुकानात न्या. चार इंची सगळेच सारखे नसतात, भोकांची संख्या आणि अंतर बदलतं. आणि हात लावण्याआधी मेन स्विच पाडा. स्टार्टर ऑटोवर असेल, तर लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते.